सुभेदाराच्या नावाचे पाणी

मी नागनाथ सटवाजी वाव्हळे, वय अंदाजे सदुसष्ट, धर्म बौद्ध, पूर्वीचा धंदा पालमच्या गुरांच्या दवाखान्यात शिपाई, हल्ली निवृत्त, राहणार मौजे बोरखडी, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, हा कागद राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही भिडेला न पडता स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. डॉक्टरांनी पोटावर बोट ठेवून सांगितले की होळीचा भरवसा धरू नका. होळी मला बघायची नव्हतीच, पण होळीपर्यंत जगायचे मात्र होते. त्याचे कारण पुढे येईल.

दवाखान्यात मी सव्वीस वर्षे काढली. निजामाच्या अमलात लागलो आणि महाराष्ट्राच्या अमलात सुटलो. साहेब बदलत, खुर्ची बदले, पण बैलाचे तोंड उघडून धरायला मीच असे. त्यामुळे जनावराचे दुखणे मला माणसाच्या दुखण्याआधी कळते. निवृत्त होऊन गावी आलो त्या वर्षापासून आमच्या गावात एक रिवाज पडला. दसरा झाला की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला जाते, ते होळीला परत येते. घराला कुलूप लागते, पण कुत्र्या-मांजराला कुलूप लावता येत नाही. ती जनावरे माझ्याकडे येतात; दुखणाईत जनावर तर बाराही महिने येते. जाण्याच्या दिवशी घरधनी आपल्या जनावराला शेवटची भाकर आपल्या हाताने भरवतो आणि दोरी माझ्या हातात देतो. आज रोजी माझ्या अंगणात दोन कुत्रे, तीन मांजरी, एक राघू आणि एक म्हातारी शेळी आहे. यातले माझे स्वतःचे एकही नाही. मी मेलो तर ही सात तोंडे कोणाच्या दारात उभी राहणार, यासाठी हा कागद आहे. दुसरेही कारण आहे. तेही लपवणार नाही.

कलम एक. घर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. हे सर्व माझी एकुलती मुलगी सत्यशीला हिला दिले आहे. ती पूर्ण्याला शाळेत मास्तरीण आहे आणि सध्या माझ्या दुखण्यापायी रजा काढून इथे आली आहे. पोस्टाचे पुस्तकही तिचेच. माझा चुलतभाऊ रामकिशन याचा घरावर काही हक्क नाही. त्याने चार लोकांत मला 'कुत्र्यांचा नोकर' म्हटले होते. त्याला कुत्र्याचा एक गळपट्टा द्यावा. जुना द्यावा, नवा कामाचा आहे.

कलम दोन. हत्यारे. नखे कापायची कात्री, औषध पाजायचा बांबूचा नळा, दोन सुया, टिंक्चरची बाटली आणि पत्र्याची पेटी हे शेजारीण बायनाबाई हिला द्यावे. तिला लिहिता येत नाही, पण शेळीच्या पोटावर हात ठेवून ती दिवस सांगते आणि एक-दोन दिवसांपलीकडे चुकत नाही. माझ्यामागे जनावरे सांभाळायचे काम तिने करावे. अंगणातला छप्पराचा भाग तिला त्यासाठी तहहयात वापरू द्यावा. सत्यशीलाने हरकत घेऊ नये. ती घेणार नाही.

कलम तीन. सांभाळायची रीत. बायनाबाईला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो, कारण ती कोणावर ओरडू लागली की अर्धे विसरते.

थंडीत कुत्र्याच्या पोत्याखाली कडब्याचा जाड थर घालावा. राघूचा पिंजरा ऊन अंगणात आल्यावर बाहेर काढावा आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्यावा, वाऱ्याच्या तोंडावर टांगू नये. हा राघू दगडाबाईचा आहे, तो मिरची मागतो, थंडीत द्यावी. म्हाताऱ्या शेळीला सकाळी कोमट पाणी. पाडव्यापासून पत्र्याखाली काहीही बांधू नये, सगळी जनावरे कडुलिंबाखाली, वर ओले पोते. उन्हाळ्यात कुत्र्याला भर दुपारी खाऊ घालू नये, दिवस कलल्यावर ताकात भाकर कुस्करून द्यावी. पाणी मातीच्या परातीत ठेवावे आणि दिवसातून चार वेळा बदलावे. पाऊस लागला की गोचीड होतात. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघावे, करंजाचे तेल लावून उपटावे, उपटलेला गोचीड चुलीत टाकावा. मांजर व्याली तर पिलांचे डोळे उघडेपर्यंत त्यांना हात लावू नये, नाहीतर ती त्यांना कुठल्या कुठे नेऊन ठेवते आणि मग आपण शोधत बसतो.

मुंजाजीचे पांढरे मांजर दूध चोरते. त्याला मारू नये. ते मालकावर गेले आहे.

कलम चार. जनावर परत देण्याची अट. हे कलम नीट वाचावे.

नऊ वर्षे मी या गावाची जनावरे सांभाळली. नऊ वर्षे गावाने दोरी मला कुंपणाबाहेरून दिली आणि कुंपणाबाहेरूनच परत घेतली. माझी बायको गोजरबाई होती तोवर दरवेळी तांब्या-पेला ओट्यावर आणून ठेवी. उत्तर ठरलेले. "आत्ताच पिऊन आलाव, वहिनी." नऊ वर्षांत या गावाला माझ्या अंगणात कधी तहान लागली नाही. त्यांची मांजरी माझ्या चुलीपाशी झोपल्या, त्यांच्या कुत्र्यांनी माझ्या ताटाला तोंड लावले. ती जनावरे घरी नेऊन यांनी पोराबाळांत सोडली. जनावराला विटाळ नाही. मालकाला आहे.

सबब, यंदाच्या होळीला जो कोणी आपले जनावर न्यायला येईल त्याने कुंपणाच्या आत यावे, कडुलिंबाखालच्या खाटेवर बसावे आणि या घरचे पाणी या घरच्या पेल्यातून दोन माणसांदेखत प्यावे. मग दोरी मिळेल. जो पिणार नाही त्याचे जनावर बायनाबाईचे. दगडाबाईला ही अट नाही. ती पहिल्यापासून आत येते, पाणी पिते आणि साखरही मागते. एकदा तिला कोणी टोकले तर म्हणाली, "पाण्याला काय झालंय? वल्लंच लागायलंय की." मुंजाजी चहा पितो, पण भिंतीच्या आडोशाला उभा राहून. या वर्षी त्याने पुढे बसावे.

कलम पाच. माणिकराव दाजीबा पौळ, मुकादम.

गावातल्या माणसांना ऊसतोडीला नेणारा तो हा. त्याचा कुत्रा सुभेदार. तांबडा, डावा कान फाटलेला, वय सहा. माणिकरावाला मूलबाळ नाही. त्याचा या कुत्र्यावर जीव आहे, आणि तो खरा आहे. मी त्याला कुत्र्याच्या पायातला काटा स्वतःच्या दाताने काढताना पाहिले आहे. हे मी त्याच्या बाजूने लिहीत नाही. त्याचा जीव कुठे आहे ते मला ठाऊक आहे, एवढेच लिहितो.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल. सरकारी विहीर आटली. गावात पाणी धरून होती ती एकट्या माणिकरावाची विहीर. त्याच सुमारास सुभेदाराला खरूज झाली आणि त्याने तो माझ्याकडे आणून सोडला. गंधक आणि तेल लावायचे, रोज धुवायचे, त्याला पाणी लागते. गोजरबाई घागर घेऊन त्याच्या विहिरीवर गेली. माणिकरावाने गड्याला दोन घागरी वरून ओतायला सांगितल्या आणि म्हणाला, "हे सुभेदाराच्या नावाचं. तुमच्यासाठी टँकर येतोय."

टँकर चार दिवसांआड येई, कधी येतच नसे. मी म्हणालो, यातला तांब्याभर आपण घेऊ, कुत्र्याला काय कळणार आहे. तिने ऐकले नाही. "ज्याच्या नावाचं हाय त्यालाच जाईल. मी कुत्र्याच्या वाटणीचं पिऊ का?" अडीच महिने ती रोज दोन घागरी त्या विहिरीवरून आणी, एक थेंब तोंडात न घालता कुत्र्यावर खर्च करी आणि मग आमच्यासाठी दुपारच्या उन्हात ओढ्यात झिरा उकरायला जाई. कुत्रा बरा झाला. अंगावर नवे केस आले. जेठात तिला ऊन लागले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिला उचलायची तयारी चालू असताना माणिकराव कुंपणापाशी आला. मला वाटले, आता आत येतो. त्याने बाहेरूनच विचारले, "गोजरबाई गेली म्हणं. आता कुत्र्याचं कोण बघंल?"

मी म्हणालो, "मी बघतो."

लोकांना वाटले, नागनाथ मोठ्या मनाचा. मी मोठ्या मनाचा नाही. त्या दिवसापासून प्रत्येक हंगामात मी सुभेदाराला पोटच्या पोरासारखे ठेवले, यात कुत्र्याचा काही दोष नव्हता म्हणून, आणि माणिकरावाची दुसरी कोणतीही वस्तू माझ्या हातात नव्हती म्हणून. मी ती होळी यायची वाट बघत होतो, जेव्हा दोरी मी सोडणार नव्हतो.

आता काल घडले ते लिहितो. दोन जोडपी ऊसतोडीवरून पळून आली, त्यांना न्यायला माणिकराव हंगामाच्या मध्येच गावात आला. माझ्या दुखण्याचे त्याला कळले. कुंपणाबाहेर उभा राहून म्हणाला, "बरं न्हाई म्हणं तुला. कुत्रं दे, सोबत नेतो."

"आत या, मुकादम. बसा. पाणी प्या आन् घेऊन जा."

"पिऊनच आलोय."

"मग दोरी मिळणार न्हाई."

त्याला आधी थट्टा वाटली. मी कलम चार वाचून दाखवले. तो ऐकत असताना सुभेदार त्याच्याकडे ओढ घेत होता, शेपटी सगळ्या अंगासकट हलत होती. माणिकरावाने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "नागनाथ, तुजं लय झालं," म्हणाला. "ठेव तुलाच." आणि गेला. मला बरे वाटले. खोटे लिहिणार नाही, तीन वर्षांत इतके बरे वाटले नव्हते.

सबब, सुभेदार नावाचा कुत्रा माणिकराव पौळ याने वरील अट पुरी केल्याखेरीज त्याला कदापि देऊ नये.

येथपर्यंत लिहून कागद पाच दिवस तसाच राहिला. सही केली नव्हती. पुढचे आज लिहितो.

माणिकराव गेला त्या दिवसापासून सुभेदाराने अन्न सोडले. नाक ओले होते, ताप नव्हता, पोट मऊ होते. दवाखान्यात असतो तर साहेबाने तीन औषधे लिहिली असती. मला औषध माहीत होते. तो रस्त्याकडे तोंड करून पडला होता, दोरी ताणली जाईल तितक्या टोकाला. ताकात भाकर दिली, गूळ लावून दिली, दगडाबाईच्या राघूने भाकरीवरून आरडाओरडा केला, हा हलला नाही. चौथ्या दिवशी उठताना त्याचे मागचे पाय लटपटले. सव्वीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की जनावराला मालकाच्या भांडणात बांधू नका. हा रोग मी लावला होता. मी सत्यशीलाला सांगितले, बाई, माणिकरावाला निरोप धाड, कुत्रा घेऊन जा म्हणावं, अट न्हाई.

निरोप जायच्या आधी तोच आला.

दुपारची वेळ. गाव ऊसतोडीला, आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही. तो कुंपणापाशी थांबला. रस्त्याकडे या बाजूला बघितले, त्या बाजूला बघितले. पुन्हा एकदा बघितले. मग आत आला आणि खाटेवर बसला. सुभेदार त्याच्या मांडीवर दोन्ही पाय टाकून उभा राहिला आणि त्याचे तोंड चाटू लागला. माणिकरावाच्या डोळ्यांत पाणी आले. ते मी पाहिले.

"नागनाथराव," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मला राव म्हणाला. "आणा पाणी. पितो."

सत्यशीला आत गेली आणि तिच्या आईचा पितळी पेला भरून दारात आली. मी हात आडवा केला.

"कुत्रं घेऊन जा," मी म्हणालो. "पाणी न्हाई."

"मी प्यायलाच आलोय की."

"आलाव, पन रस्ता बघून आलाव. माझी बाई भर दुपारी समद्या गावादेखत तुमच्या विहिरीवर उभी राहायची. आता या घरचं पाणी मागून बी मिळणार न्हाई तुमाला."

सत्यशीला म्हणाली, "दादा, आईनं दिलं असतं."

"दिलं असतं. म्हणून तर मेली."

ती रागावली. पाणी कोणालाही नाकारायचे नसते, आपण त्यासाठीच दीक्षा घेतली, असे तिने मला परक्या माणसासमोर ऐकवले. तिचे म्हणणे बरोबर आहे आणि ते या कागदात नमूद करतो. पटवून घेत नाही. मी मेल्यावर घर तिचे, घागर तिची, तिथे माझा हात आडवा येणार नाही हे मला कळते. मी जिवंत आहे तोवर मात्र नाही.

मग मी माणिकरावाला सांगितले की जनावर ताब्यात घेताना पावती द्यावी लागते, दवाखान्याचा तसा नियम होता. पावती मीच लिहिली. हीच, या कागदाच्या शेवटी. त्याने दोनदा वाचली.

"हे शेवटचं कशाला लिवलं?"

"घडलं न्हाई का?"

त्याने तिथली भाकर मोडून कुत्र्यापुढे धरली. कुत्र्याने त्याच्या हातातून तुकडा खाल्ला, सहा दिवसांतला पहिला. "घडलं," म्हणाला.

"मग करा सही."

आता शेवटचे हुकूम. कलम चारची अट बाकी सर्वांना कायम आहे, पण कोणी नाही प्यायले म्हणून जनावर बांधून ठेवू नये. जनावर द्यावे, आणि कोण प्यायले नाही ते नाव बायनाबाईने मोठ्याने सांगावे. तिचा आवाज मोठा आहे. कलम पाचमधली अट मी रद्द करतो. माझी माती बौद्ध रीतीने करावी, वंदना घ्यावी, कावळ्याला घास ठेवू नये, तो घास अंगणातल्या जनावरांना घालावा.

आणि धुळवडीच्या दिवशी, सगळ्या गाड्या परत आल्यावर, शाळेचे मास्तर आश्रुबा यांनी हा कागद चावडीपुढे पहिल्या ओळीपासून शेवटच्या पावतीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा. काहीही गाळू नये. मी तोवर असलो तर ऐकेन. नसलो तरी वाचावा.

हा कागद मी वाचून पाहिला, बरोबर आहे. खाडाखोड नाही. पूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: मौजे बोरखडी
दिनांक: २५ जानेवारी १९७६

(सही) नागनाथ सटवाजी वाव्हळे

साक्षीदार. नागनाथ वाव्हळे यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. (सही) आश्रुबा मारोतराव खंदारे, शिक्षक
२. (डाव्या हाताचा अंगठा) बायनाबाई किशन ढवळे, हिचा अंगठा असे

पावती. सुभेदार नावाचा तांबडा कुत्रा आज दुपारी जिवंत ताब्यात मिळाला. या घरच्या खाटेवर बसून पाणी मागितले. ते मिळाले नाही.

(सही) माणिकराव दाजीबा पौळ, मुकादम